आधी भट्टी, मग छपरावरचे सोलर : कोल्हापूरच्या फाउंड्री मालकांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, पदाधिकारी आणि सर्व सभासद,
कोल्हापूर जिल्ह्यातील फाउंड्री व इंजिनिअरिंग उद्योजकांच्या संघटना,
शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले

सप्रेम नमस्कार.

ग्राहक कंपन्यांकडून येणाऱ्या प्रश्नावल्या आता तुमच्या टेबलावर नेहमीच्या झाल्या आहेत. एक टन कास्टिंगला (ओतीव मालाला) किती युनिट वीज लागली, किती कार्बन बाहेर पडला, किती वाळू टाकून दिली, कामगारांचे एक्स-रे शेवटचे कधी काढले. सेबीने बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर हा पर्यावरण व सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला. या कंपन्यांना आता आपल्या पुरवठादारांचे आकडेही हवे आहेत, आणि ते पुरवठादार तुम्ही आहात. बहुतेक ठिकाणी ही प्रश्नावली क्वालिटीवाल्याकडे किंवा अकाउंट्सकडे जाते, सल्लागार ती भरून देतो आणि मालकासमोर एकच निर्णय येतो : छपरावर सोलर बसवायचे का?

हे पत्र लिहिणारे आम्ही ओतकाम, धातुशास्त्र आणि ऊर्जा लेखापरीक्षण या कामांतले लोक आहोत. सोलरला आमचा विरोध नाही. पण तो शेवटचा टप्पा आहे आणि आपल्याकडे तो पहिला होऊन बसला आहे. त्याचे कारण उघड आहे. सोलर विकत मिळते. कोटेशन येते, बँक कर्ज देते, तीन महिन्यांत पॅनेल चढतात. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे कास्टिंग, कमी करणे विकत मिळत नाही. त्यासाठी मोल्डिंग (वाळूचे साचे करणे), मेल्टिंग (धातू वितळवणे), कोअर शॉप (कास्टिंगमधल्या पोकळीसाठी साच्यात बसवायचे वाळूचे कोअर करणे) आणि फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करणे) अशा एकमेकांवर बोट दाखवणाऱ्या चार खात्यांना एका टेबलाशी बसवावे लागते, आणि तसे बसवण्याचा अधिकार कारखान्यात फक्त मालकाला असतो. म्हणून हे पत्र तुम्हाला आहे, तुमच्या ईएसजी (पर्यावरण, समाज, कारभार) सल्लागाराला नाही.

हिशेबासाठी एक मध्यम फाउंड्री धरू. महिन्याला ५०० टन धातू वितळतो, भट्टीला टनामागे ६२० युनिट लागतात, म्हणजे भट्टीची वीज ३ लाख १० हजार युनिट. यील्ड, म्हणजे वितळलेल्या धातूतून कास्टिंग होणारा वाटा, ६० टक्के; म्हणजे ५०० टनांतले २०० टन रनर-राइजर (साच्यात धातू नेणाऱ्या वाटा आणि आटणारा धातू भरून काढणारे साठे) होऊन परत भट्टीत जातात आणि ३०० टन कास्टिंग निघते. त्यात ६ टक्के रिजेक्शन. ग्राहकाकडे जाणारा चांगला माल २८२ टन. आता तेवढाच २८२ टन चांगला माल द्यायचा आहे, पण रिजेक्शन ३ टक्क्यांवर आणले आणि राइजर-रनरची रचना सुधारून यील्ड ६५ टक्के केले. मग वितळवावे लागतात फक्त ४४७ टन. शिवाय भट्टीचा वापर टनामागे ५७० युनिटांवर आला तर महिन्याची वीज २ लाख ५५ हजार युनिट होते. बचत ५५ हजार युनिट. युनिटचा दर सगळे धरून ९ रुपये घेतला तर महिन्याला ४ लाख ९५ हजार रुपये. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे ०.७ किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्या हिशेबाने महिन्याला सुमारे ४० टन कार्बन वाचला. एवढीच वीज सोलरने निर्माण करायची तर, एका किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरून, ४६० किलोवॅटच्या आसपास पॅनेल लागतील. आणि पॅनेलने वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधून धरणारी माती), कोअर, रेझिन, ग्राइंडिंगचे हात यांतले काहीही वाचत नाही. रिजेक्शन कमी झाले की हे सगळे वाचते.

या हिशेबातले कोणतेही लक्ष्य स्वप्नातले नाही. लोखंड खोलीच्या तापमानापासून १५०० अंशांपर्यंत नेऊन वितळवायला टनाला साधारण ३९० ते ४०० युनिट ऊर्जा शास्त्रानेच लागते. त्याच्या वरचे सगळे भट्टीभोवतीच्या कॉइलमधले तांबे, तिला थंड ठेवणारे पाणी, उघडे तोंड आणि वाट पाहणे यांत जाते. चांगल्या चाललेल्या भट्ट्या ५५० च्या आसपास असतात. ७०० च्या वर असलेली भट्टी जुनी असेलच असे नाही. पुष्कळदा ती नवीन असते आणि तिच्यापुढे मोल्ड तयार नसतात.

सुरुवात मीटरपासून करा. महावितरणच्या एका बिलावर कारखाना चालवणे म्हणजे घरात सहा माणसे आणि सगळ्यांचा मिळून एकच ताप मोजणे. भट्टी, कॉम्प्रेसर, सँड प्लँट, शॉट ब्लास्टिंग, धूळ-शोषक पंखे आणि उरलेले सगळे, असे सहा सबमीटर बसवा. प्रत्येक पाळीच्या शेवटी रीडिंग वहीत उतरवा. सुरुवातीला वही पुरते, सॉफ्टवेअर नंतर. भागाकार मात्र वितळवलेल्या टनांनी करू नका, चांगल्या टनांनी करा, आणि ग्राहकाने परत पाठवलेला माल ज्या महिन्यात ओतला त्या महिन्यातून वजा करा. वितळवलेल्या टनांवर काढलेला आकडा रिजेक्शन लपवतो. २० टक्के माल नासला तरी तो आकडा तसाच सुंदर दिसतो. पहिले तीन महिने फक्त मोजा, कोणतेही लक्ष्य जाहीर करू नका. लक्ष्य आधी जाहीर झाले की रीडिंग लक्ष्याकडे पाहून लिहिले जाते.

आता भट्टीकडे. भट्टीचे बिल मेल्टर ठरवतो असा समज आहे. आमच्या मते ते अर्धे मोल्डिंगवर ठरते. धातू तयार आहे आणि मोल्डिंग लाइन थांबली आहे, तर भट्टी धातू गरम ठेवत बसते. ६०० मिमी व्यासाच्या उघड्या तोंडातून १५०० अंशांचा धातू निव्वळ उष्णता-प्रारणाने ५० किलोवॅटच्या आसपास उष्णता फेकतो. वर स्लॅगचा (वितळलेल्या मळीचा) थर असेल तर त्याहून जास्त. झाकण असते, पण ते उचलायची यंत्रणा बिघडलेली असते किंवा चार्जिंगला (भट्टीत माल भरायला) अडथळा होतो म्हणून बाजूला ठेवलेले असते. झाकण दुरुस्त करणे हे फाउंड्रीतले बहुधा सर्वांत स्वस्त पर्यावरणाचे काम आहे. नमुन्याचेही तसेच. स्पेक्ट्रोमीटर पाच मिनिटांत उत्तर देतो, पण नमुना घासून, शेडच्या दुसऱ्या टोकाला नेऊन, निकाल परत येईपर्यंत वीस मिनिटे जातात आणि तेवढा वेळ भट्टीतला सगळा धातू तापत राहतो. लॅब भट्टीजवळ आणा, नाहीतर निकाल भट्टीपुढच्या पडद्यावर दिसेल अशी सोय करा.

लॅडल, म्हणजे धातू वाहून नेणारे भांडे, थंड असेल तर धातूचे तापमान झपाट्याने उतरते, म्हणून मेल्टर सावधगिरीने आधीच ५० अंश जास्त तापवतो. दर ५० अंशांना टनामागे १५ ते २० युनिट. लॅडल नीट तापवलेली आणि झाकलेली असेल तर हे टॅपिंग तापमान (भट्टीतून धातू काढतानाचे) खाली आणता येते. पण आधी पायरोमीटरची (तापमापकाची) टिप बदला. चुकीच्या रीडिंगवर तापमान उतरवले तर कोल्ड शट (साच्यात धातू नीट न जुळताच गोठणे) होऊन वाचवलेली वीज दामदुपटीने परत जाते.

रनर-राइजर परत भट्टीत टाकताना त्यांना चिकटलेली वाळू हा असाच दुर्लक्षित विषय. वाळू चुंबकीय क्षेत्रात तापत नाही. ती लोखंडाची उष्णता खाऊन वितळते आणि स्लॅग होते. टनामागे २५-३० किलो वाळू गेली तर तेवढ्यानेच १५ युनिटांच्या आसपास वीज जाते, शिवाय स्लॅग काढताना झाकण उघडे राहते आणि लायनिंग (भट्टीचे आतले अस्तर) झिजते. रिटर्न शॉट ब्लास्ट करून किंवा निदान ड्रममध्ये फिरवून टाका. स्क्रॅपची घनताही पाहा. सैल, लांब तुकड्यांनी भट्टी भरली की वर पूल बांधला जातो, खाली धातू भरमसाट तापतो आणि लायनिंग खातो. ब्रिजिंग हा विजेचा प्रश्न आहे तसा जीव जाण्याचाही आहे. लायनिंग खाल्लेल्या जागेतून धातू कॉइलपर्यंत पोचला आणि कॉइलमधल्या पाण्याला भिडला तर स्फोट होतो.

इथे एक धोका सांगायला हवा, कारण तो चांगल्या हेतूने ओढवून घेतला जातो. मालक मीटर बसवतो, मेल्टरला सांगतो, ५८० च्या खाली आणलेस तर बोनस. पुढच्याच महिन्यात युनिट उतरतात आणि रिजेक्शन चढते, कारण मेल्टर थंड धातू टॅप करू लागतो. तसाच बोनस मोल्डिंगला बॉक्सच्या (साच्यांच्या) संख्येवर दिला की बॉक्स वाढतात आणि सैल मोल्डमुळे सूज आलेली कास्टिंग वाढतात. बोनस द्यायचा तर तो सगळ्या खात्यांना मिळून एकाच आकड्यावर द्या : चांगल्या टनामागे कारखान्याची एकूण युनिट.

रिजेक्शनमध्ये सर्वांत मोठा वाटा बहुधा वाळूचा असतो आणि वाळूचा वाटा पावसाळ्यात वाढतो. जूनपासून हवेतली आर्द्रता वाढली की कोअर ओलावा शोषतात, त्याचा वायू होतो आणि ब्लो होल पडतात. कोअर करून चार दिवस रॅकवर ठेवण्याची सवय मार्चमध्ये चालते, जुलैमध्ये चालत नाही. पावसाळ्यात कोअर त्या दिवसापुरतेच करा किंवा बसवण्यापूर्वी ओव्हनमधून काढा. हिरव्या वाळूत (बेंटोनाइट आणि पाण्याने बांधलेल्या ओल्या वाळूत) रिटर्न सँडचे, म्हणजे साच्यातून परत येणाऱ्या वाळूचे, तापमान पाहा. ती ४५-५० अंशांच्या वर मलरमध्ये (वाळू मळण्याच्या यंत्रात) आली तर पाणी बेंटोनाइटमध्ये मुरण्याआधीच उडते, थंड पॅटर्नवर त्याचे दव जमते आणि साच्याचा पृष्ठभाग चिकटून निघतो. मग ऑपरेटर आणखी पाणी घालतो, आणि तिथून सगळे बिघडते. दर तासाला कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती टक्के दबते), ओलावा आणि हिरवी ताकद, दिवसातून एकदा सक्रिय बेंटोनाइट, आठवड्यातून एकदा एलओआय (भाजल्यावर किती वजन जळून जाते) : एवढ्या चाचण्यांना एक प्रशिक्षित मुलगा किंवा मुलगी आणि छोटी प्रयोगशाळा पुरते. कॉम्पॅक्टॅबिलिटी ३८ ते ४२ च्या पट्ट्यात स्थिर असणे महत्त्वाचे. ओलाव्याचा एकच ठरीव आकडा धरून बसू नका, कारण बेंटोनाइट आणि मृत (बांधण्याची ताकद गेलेली) माती बदलली की पाण्याची गरजही बदलते.

यील्डसाठी सिम्युलेशन सॉफ्टवेअर आता पुष्कळांकडे आहे, पण ते नव्या भागांपुरते वापरले जाते. पैसा जुन्या भागांत आहे. तुमच्या टनेजचा मोठा हिस्सा दहा-पंधरा भागांतून येतो. वीस वर्षांपूर्वी भीतीपोटी मोठे ठेवलेले राइजर तिथेच बसलेले आहेत. हे भाग वजनानुसार लावा आणि पहिल्या पाचांचे राइजर पुन्हा तपासा. राइजर जास्त वेळ गरम ठेवणाऱ्या एक्झोथर्मिक स्लीव्हचा खर्च दिसतो म्हणून टाळला जातो; वितळवून परत आणलेल्या राइजरचा खर्च कोणत्याही व्हाउचरवर दिसत नाही.

कॉम्प्रेसरबद्दल थोडक्यात. रविवारी सगळी यंत्रे बंद ठेवून एकच कॉम्प्रेसर चालू करा आणि घड्याळ लावा. तो जितका वेळ लोडवर (हवा भरत) चालला त्याला एकूण वेळेने भागा. कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा तेवढा वाटा गळतीत जातो. ७ बारला ३ मिमीचे एक भोक जवळपास ४ किलोवॅट खाते. १० टक्क्यांच्या आत गळती ठेवता येते. दाब १ बारने उतरवला की ६-७ टक्के वीज वाचते, पण आधी गळती बंद करा, नाहीतर शेवटच्या मोल्डिंग मशीनला दाब पुरणार नाही आणि लोक पुन्हा सेटिंग वर नेतील.

आता कार्बन आणि युरोप. सीबॅम, म्हणजे आयात मालाच्या कार्बनवरची युरोपीय संघाची आकारणी, याबद्दल तुमच्यापुढे जी माहिती मांडली जाते तिच्यात एक मोठी चूक असते आणि तिच्यावर लाखो रुपयांचे निर्णय होत आहेत. युरोपीय संघाचा अहवालापुरता टप्पा १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ असा होता. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकारणीचा काळ सुरू झाला आणि २०२६ च्या आयातीची प्रमाणपत्रे युरोपातल्या आयातदाराला फेब्रुवारी २०२७ पासून घ्यायची आहेत. पहिले काम, तुमचा माल यात येतो का ते पाहणे. सीमाशुल्क कोड ७३०३ चे ओतीव पाइप आणि ७३०७ ची पाइप फिटिंग्ज यात आहेत. पंप, इंजिन आणि वाहनांचे मशीन केलेले भाग ८४ आणि ८७ या प्रकरणांत जातात आणि मूळ यादीत नाहीत. यादी वाढवण्याचे प्रयत्न मात्र चालू आहेत. शिवाय ज्या आयातदाराची वर्षाची सगळी सीबॅम-आयात ५० टनांच्या आत आहे त्याला सूट आहे. ही मर्यादा आयातदाराची मोजली जाते, तुमची नव्हे. म्हणून कोडची खात्री तुमच्या सीएचएकडून (कस्टम एजंटकडून) आणि युरोपातल्या ग्राहकाकडून, दोघांकडून लेखी घ्या.

चूक पुढे आहे. लोखंड-पोलादासाठी सीबॅमची आकारणी सध्या फक्त थेट उत्सर्जनावर आहे. विजेचे उत्सर्जन त्यात धरले जात नाही. तेव्हा सीबॅमसाठी सोलर बसवा असे कोणी सांगत असेल तर त्याला नियम दाखवायला सांगा. तुमच्या मालात थेट उत्सर्जन येते ते मुख्यतः पिग आयर्नमधून (खनिजापासून केलेल्या कच्च्या लोखंडातून). ते ब्लास्ट फर्नेसमध्ये कोकवर तयार होते आणि टनामागे २ टनांच्या आसपास कार्बन सोबत घेऊन येते. स्क्रॅपवर हा बोजा शून्य धरला जातो. चार्जमध्ये (भट्टीत भरायच्या मालात) ३० टक्के पिग असेल तर चार्जच्या टनामागे ६०० किलो कार्बन भट्टी पेटण्याआधीच आत आलेला असतो. गोव्याकडून किंवा आणखी कुठून पिग घेता त्या कारखान्याकडे प्रत्यक्ष मोजलेल्या उत्सर्जनाचे पत्र मागा. ते नसेल तर ठरवून दिलेले मूल्य लागते आणि ते बहुधा तोट्याचे असते.

पिग कमी करून स्क्रॅप वाढवणे हा उपाय आहे, पण तो धातुशास्त्राला विचारून करा. स्टील स्क्रॅपबरोबर धातूतला कार्बन वाढवायला कार्ब्युरायझर (कोकसारखा कार्बनचा पदार्थ) लागतो. तो स्क्रॅपबरोबर सुरुवातीलाच टाकायचा, शेवटी वरून नाही, नाहीतर तो स्लॅगवर तरंगतो आणि जळून जातो. स्वस्त, न ग्राफाइट केलेल्या पेट्रोलियम कोकमध्ये नायट्रोजन जास्त असतो. ग्रे आयर्नच्या (साध्या ओतीव लोखंडाच्या) जाड भागांत तो भेगांसारखे दोष देतो. एसजी आयर्नमध्ये (जास्त चिवट ओतीव लोखंडात) स्क्रॅपमधले मँगनीज आणि क्रोमियम ठिसूळ कार्बाइड तयार करतात. म्हणून पिग ३० वरून थेट शून्यावर न नेता ५-५ टक्क्यांनी उतरवा, प्रत्येक टप्प्यावर चिल वेज, थर्मल ॲनालिसिस आणि मायक्रोस्ट्रक्चर (धातू कसा गोठतो याच्या चाचण्या) पाहा, इनॉक्युलेशन (धातू नीट गोठावा म्हणून ओतण्याआधी टाकायचे मिश्रण) त्याप्रमाणे वाढवा. आणि हे लक्षात असू द्या की स्क्रॅप वाढले की भट्टीची युनिट थोडी वाढू शकतात. सीबॅमच्या हिशेबात तरीही फायदा असतो. बीआरएसआर भरणाऱ्या देशी ग्राहकाच्या हिशेबात मात्र वीजही धरली जाते. दोन ग्राहकांना दोन वेगळे आकडे द्यावे लागतील, आणि ते दोन्ही खरे असतील.

वाळूचा प्रश्न एकट्या मालकाने सुटणारा नाही, म्हणून तो संघटनांपुढे ठेवतो. साच्याच्या आणि कोअरच्या पद्धतीप्रमाणे चांगल्या टनामागे अर्धा ते एक टन वाळू कारखान्याबाहेर जाते. सिंधुदुर्गातल्या कासार्डे पट्ट्यातून सिलिका वाळू खणून, घाट चढवून आणायची आणि वापरून ओढ्याकाठी टाकायची, हे दोन्ही टोकांना फार काळ चालणार नाही. खाणीवरचे निर्बंध आणि टाकण्याच्या जागेचा अभाव, यांतले काहीतरी एक आधी थांबवेल. रिक्लेमेशनचे (वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करण्याचे) तंत्र जुने आणि खात्रीचे आहे. शेल आणि रेझिनची कोअर वाळू ६५० ते ८०० अंशांवर भाजली की रेझिन जळून जाते आणि दाणा पुन्हा मिळतो. हा दाणा नव्या वाळूपेक्षा कमी प्रसरण पावतो, त्यामुळे व्हेनिंगचा (कोअर तडकून कास्टिंगवर शिरा उठण्याचा) दोष कमी होतो. पण त्यासाठी वाळू मोठ्या प्रमाणात लागते, आणि ३०० टनांच्या फाउंड्रीकडे एकटीकडे ती नसते.

सामायिक प्लँट बसवले की दोन कारणांनी अडतात. पहिले, वाळू मिसळून येते. हिरवी वाळू या भाजण्याच्या प्लँटमध्ये गेली तर बेंटोनाइट दाण्यावर भाजून बसते. सीओ-टू पद्धतीची सोडियम सिलिकेटची वाळू मिसळली तर सोडा साचत जातो, दाणा लवकर वितळायला लागतो आणि पुढच्या कास्टिंगला वाळू चिकटते. एका ट्रकने पूर्ण बॅच खराब होते. दुसरे, पुनर्प्राप्त वाळूची गुणवत्ता महिन्याला बदलते, म्हणून सभासद स्वतःच ती विकत घेत नाहीत. दोन्हींवर उपाय शिस्तीचे आहेत. प्रत्येक सभासदाच्या आवारात तीन रंगांचे कंटेनर, दर ट्रकची आल्यावर एलओआय आणि आम्ल-मागणी चाचणी, नापास ट्रक परत, आणि प्रत्येक बॅचबरोबर चाळणी-विश्लेषणाचा कागद. सभासदाने जितकी वाळू पाठवली तिच्या ठरावीक हिश्श्याची खरेदी करायचीच, असा पाच वर्षांचा करार आधी करा, मशिनरीची ऑर्डर नंतर. अनुदान मिळाले म्हणून आधी यंत्रे आणली आणि करार राहून गेला, तर शेड उभी राहते आणि वाळू ओढ्यालाच जाते.

घाटाचा उल्लेख आला म्हणून जोडतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. कोकणातून येणारे घाटही पावसाळ्यात दरडींनी अडतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन आठवड्यांची वाळू कोरडी आणि झाकलेली आवारात असणे, पूररेषेखालच्या शेडमधली भट्टीची पॅनेल आणि पॅटर्न स्टोअर उंचावर असणे, तयार मालाचा काही साठा नदीच्या पलीकडे पुण्याच्या बाजूला असणे, या गोष्टी कोणत्याही ईएसजी धोरणात पहिल्या पानावर हव्यात. बहुतेक धोरणांत त्या पानावर वृक्षारोपणाचा फोटो असतो.

आणि माणसे. नॉकआउट (साचा फोडून कास्टिंग काढणे), सँड प्लँट, फेटलिंग आणि भट्टीचे लायनिंग फोडणे या चार जागांवर सर्वांत बारीक सिलिका उडते. ही धूळ डोळ्यांना दिसत नाही. दिसणारी धूळ त्यामानाने कमी घातक. सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग, हा कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे आणि तो बरा होत नाही. या चारही जागांवर काम बहुतांशी कंत्राटी, परप्रांतातून आलेले कामगार करतात. ते दोन वर्षांत एक फाउंड्री सोडून शेजारच्या फाउंड्रीत जातात आणि त्यांचा एक्स-रे पहिल्या फाउंड्रीच्या कपाटात राहतो. आजार उमटायला वर्षे लागतात, तेव्हा तो कोणाच्याच नोंदीत येत नाही. संघटनेने सामायिक आरोग्य नोंदवही ठेवली, कामगाराच्या हाती त्याचे कार्ड दिले आणि छातीचा एक्स-रे व स्पायरोमेट्री (श्वासाची चाचणी) दरवर्षी एकाच ठिकाणी केली तरच ही साखळी जुळेल. कारखान्यात दोन गोष्टी उद्यापासून बंद करता येतात : कॉम्प्रेस्ड एअरने अंगावरचे कपडे झटकणे आणि कोरडा झाडू मारणे. कापडी मास्क सिलिकाला अडवत नाही. एन-९५ किंवा त्यावरचा मास्क द्या, आणि उन्हाळ्यात तो तोंडावर टिकत नाही हे धरून शोषण-नळ्या आधी दुरुस्त करा. ज्या नळीत वाळू साठून अर्धा मार्ग बंद आहे तिचा पंखा पूर्ण वीज खातो आणि धूळ मात्र माणूसच ओढतो.

पैशाबद्दल दोन गोष्टी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची एडीटी (ADEETIE) ही ऊर्जा वाचवणाऱ्या यंत्रांच्या कर्जासाठीची योजना २०२५ मध्ये सुरू झाली. त्यात सूक्ष्म व लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के व्याज-सवलत आहे आणि फाउंड्री हे त्यातले एक क्षेत्र आहे. सबमीटरचे सहा महिन्यांचे आकडे हाती असतील तर त्यासाठीचे लेखापरीक्षण अर्ध्या वेळात होते. दुसरी गोष्ट अवघड आहे. तुम्ही राइजर लहान केला, यील्ड वाढले, की ग्राहकाचा खरेदी अधिकारी पुढच्या वाटाघाटीत ती बचत दरातून कापून घेतो. असे दोनदा झाले की कोणताही मालक तिसऱ्यांदा सुधारणा करणार नाही, केली तरी सांगणार नाही. जी कंपनी आपल्या अहवालात पुरवठासाखळीचा कार्बन कमी झाल्याचे छापते तिने ती बचत निदान तीन वर्षे पुरवठादाराकडे राहू द्यावी. हे एकट्या सभासदाला मागता येत नाही. संघटनेने सगळ्यांच्या वतीने मागावे, आणि त्याच बैठकीत २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यातील ४५ दिवसांत पैसे देण्याच्या तरतुदीचाही विषय काढावा. नव्वद दिवसांनी पैसे देणाऱ्याला शाश्वत पुरवठासाखळीबद्दल प्रश्नावली पाठवण्याचा अधिकार उरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संघटनांना आमची विनंती अशी. येत्या सर्वसाधारण सभेत चांगल्या टनामागे युनिट मोजण्याचा एकच नमुना सर्वांसाठी ठरवा. आकडे नावाशिवाय गोळा करा आणि दर तिमाहीला प्रत्येक सभासदाला त्याचा स्वतःचा क्रमांक कळवा. शेजाऱ्याच्या तुलनेत आपण कुठे आहोत हे कळल्यावर उद्यमनगरातला माणूस स्वस्थ बसत नाही. ग्रे आयर्न आणि एसजी, हाताने मोल्डिंग आणि हाय-प्रेशर लाइन यांचे गट वेगळे ठेवा, नाहीतर तुलना अन्यायाची होईल. वाळूच्या करारासाठी पाच जणांची समिती नेमा आणि तिच्यात निदान दोन सँड प्लँट सुपरवायझर असू द्या. सबमीटर मार्चच्या आत लागले तर एप्रिल-मे हे कोरडे महिने आणि जून-जुलै हे ओले महिने, दोन्हींचे आकडे पहिल्याच वर्षी शेजारी शेजारी मांडता येतील.

आपले स्नेहांकित,
ओतकाम, धातुशास्त्र आणि ऊर्जा लेखापरीक्षण या क्षेत्रांत काम करणारे काही जण